दोन दिवसांची संकष्टी

असुन्तानं माझ्या हातात तीन अक्रोड ठेवले आणि स्वतःच्या दोन्ही हातांनी माझी मूठ मिटवली. कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात आम्ही एका बाकावर बसलो होतो. तिच्या अंगावर काळे कपडे होते आणि पायात नवऱ्याचे बूट, तिला दोन नंबर मोठे. तिची भाषा मला नऊ दिवसांपुरतीच येत होती. गिरणीमागच्या झाडाचे आहेत, एवढं कळलं. मग ती म्हणाली, "दोलातो, तू बघितलंस. तू सांग."

दौलत निकम हे माझं नाव. तिच्या तोंडी त्याचं दोलातो झालं होतं. सत्तेचाळीस साल, मार्च महिना, इटलीतलं एक शहर. मी मराठा पलटणीतला नाईक. लढाई संपून दोन वर्षं होत आली होती, आणि सरकारनं मला बेळगावहून उचलून, विमानात घालून परत त्याच मुलखात आणलं होतं. कशाला, तर एका जर्मन जनरलला फाशी द्यायची की नाही हे माझ्या उपासावर ठरणार होतं. हसू नका. खरंच तसं होतं.

आधी गिरणीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात डोंगरातल्या लढाईत मी आणि हवालदार शिदोजी जगदाळे आमच्या तुकडीपासून तुटलो. शिदोजी वाईकडचा, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. दोन दिवस झाडीत काढल्यावर आम्ही नदीकाठच्या एका पाणगिरणीत शिरलो. मालक पिएत्रो आणि त्याची बायको असुन्ता. त्यांनी आम्हाला हाकललं नाही, काही विचारलंसुद्धा नाही. वरच्या माळ्यावर पिठाच्या पोत्यांमागं जागा करून दिली. नऊ दिवस खालून जातं फिरायचं, जर्मन शिपाई दळण घेऊन यायचे, आणि आम्ही वर श्वास धरून पडलेले. खाली उतरून त्या बाईच्या हातची पेज प्यायची वेळ पहाटेची. गावातल्या सगळ्यांना आमचं माहीत होतं, पण कुणी ब्र काढला नाही.

दहाव्या दिवशी दादा म्हणाला, ह्या लोकांच्या जिवाला घोर नको, आपण निघू. निघालो आणि तीन मैलांवर गस्तीच्या तावडीत सापडलो. तोवर ठीक होतं. लढाईत माणूस पकडला जातोच. पण आमच्या कपड्यांवर पीठ होतं. बाह्यांवर, खांद्यांवर, दादाच्या मिशांतसुद्धा. नऊ दिवस पिठात लोळलो, त्यामुळं आम्हाला ते दिसेनासंच झालं होतं. झटकायचं सुचलं नाही. त्या टापूत गिरणी एकच होती.

पिएत्रोला आणि गावातल्या आणखी दहा पुरुषांना गिरणीच्या भिंतीशी उभं करून जर्मनांनी गोळ्या घातल्या. हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. आम्ही डोंगरापलीकडं, चर्चमागच्या कोठारात कोंडलेले होतो. मला ते कळलं लढाई संपल्यावर, चौकशीला आलेल्या गोऱ्या साहेबाकडून. त्यानं मला विचारलं की तुम्ही कुठं लपला होता, आणि मी सांगितल्यावर त्यानं हातातला कागद मला वाचून दाखवला. तेव्हापासून पिठाचा वास मला सोसत नाही. घरी भाकरी थापत असले की मी अंगणात जाऊन बसतो.

आता जनरलचं.

कोठारात आम्ही पडलो होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. उंच, वाळका, डावा पाय जरा ओढत चालणारा, पन्नाशीचा माणूस. जनरल हास्लिंगर. त्याचं ठाणं शेजारच्याच हवेलीत होतं. बरोबर फक्त एक ड्रायव्हर. आम्ही उठून सलाम केला. त्याला इंग्रजी चांगलं येत होतं, मला मोडकंतोडकं. कुठले, म्हणून विचारलं. मराठा म्हटल्यावर त्यानं मान हलवली आणि आपल्या पायावर थाप मारली. पहिल्या लढाईत तो वीस वर्षांचा लेफ्टनंट होता, फ्रान्समध्ये, आणि समोरच्या खंदकात हिंदी पलटण होती. ही गोळी तुमच्यातल्याच कुणाची, म्हणाला. आम्ही समजलो, झालं, आता आमची वेळ भरली. पण तो हसला. नेम चांगला होता, म्हणाला.

मग त्यानं माझ्या बाहीवरचं पीठ हातमोज्यानं झटकलं. बापानं पोराचं झटकावं तसं. मला ते बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्यानं पाव आणि उकडलेली अंडी आणवली. शिदोजीनं हात जोडून नको म्हटलं. मीही नको म्हटलं. जनरलच्या कपाळाला आठी पडली. विष घातलंय असं वाटतंय का, त्यानं विचारलं. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आज आमचा उपास आहे, चंद्र उगवल्यावर खाणार. कुठला देव, म्हणाला. शिदोजीनं काडी घेतली आणि जमिनीवर सोंड, कान, पोट असा गणपती काढून दाखवला. जनरल वाकून बघत राहिला. त्याच्या आईचाही शुक्रवारचा उपास असे, एवढंच म्हणाला आणि पाय ओढत गेला.

संकष्टी होती ती. वाईच्या ढोल्या गणपतीला शिदोजीनं आम्हा दोघांच्या नावानं एकवीस संकष्ट्या बोलल्या होत्या. पलटणीत असताना पंडितजी पंचांग बघून सांगत, आज संकष्टी, उद्या एकादशी. इथं कसलं पंचांग. कोजागरीला ढग होते, त्यामुळं पुनव नेमकी कधी झाली ते दिसलंच नव्हतं. शिदोजीनं बोटांवर मोजून अंदाजानं दिवस धरला होता.

रात्री चंद्र वर आला तेव्हा पहारेकऱ्यानं दार उघडलं आणि आम्हाला अंगणात घेतलं. हातात उकडलेल्या बटाट्यांचं भांडं आणि मगभर दूध. अंडं नाही, मांस नाही. जनरलचा हुकूम, म्हणाला. शत्रूच्या मुलखात, कैदेत, कुणीतरी माझा उपास सांभाळला. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात चर्चच्या घड्याळात आठाचे ठोके पडले आणि शिदोजीचा हात तोंडाशी जाता जाता थांबला.

"दौलत, चुकलं," तो म्हणाला. "आठाला कुठं येतो संकष्टीचा चंद्र? आपल्याकडं आश्विनात पावणेनऊ होतात. ही तीज आहे. चौथ उद्या."

लहानपणापासून दर महिन्याला पाटावर बसून ज्यानं चंद्राची वाट पाहिलीय त्याला हे शिकवायला लागत नाही. आम्ही बटाटे खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी परत उपास धरला. त्या रात्री दाराच्या फटीतून चंद्र दिसला तेव्हा आठाचे ठोके पडून बराच वेळ झाला होता, पावणेनऊ तरी असावेत. शिदोजी खूश झाला. म्हणाला, बघ, हाच खरा. त्या दिवशी मात्र जनरल आला नाही, दूधही आलं नाही. तिसऱ्या दिवशी आम्हाला ट्रकमध्ये घालून उत्तरेला नेलं. जानेवारीत कैद्यांच्या छावणीत न्यूमोनियानं शिदोजी गेला. त्या दोन उपासांचं माहीत असलेला माणूस जगात मी एकटाच उरलो.

आता कोर्टातला पेच ऐका. अकरा माणसांना गोळ्या घालण्याचा टाईप केलेला हुकूम सापडला होता. पाच ऑक्टोबर, सकाळी अकरा. खाली 'डिव्हिजन कमांडर', पण सही नाही. हास्लिंगरचं म्हणणं, मी चार तारखेच्या रात्रीच डिव्हिजन सोडली, पाचला माझ्या जागी आलेला कमांडर होता, हुकूम त्याचा. तो जागी आलेला पुढं आठ दिवसांत बॉम्बनं मेला होता. सरकारी बाजू म्हणत होती की त्याचे बदलीचे कागद मागाहून बनवलेत, पाचला हाच तिथं होता. पण पाचला त्याला तिथं पाहिलेलं कोण होतं? कोठारातला मी. आणि तारीख मला ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती संकष्टी.

माझं बोलणं साहेबांना सांगायला कॅप्टन दबीर होते. पुण्याचे, वकिलीतून लष्करात आलेले, हुशार माणूस. त्यांनीच ही युक्ती काढली. पुण्याला तार करून पंचांग बघवलं. आश्विन वद्य चतुर्थी, पाच ऑक्टोबर. तार हातात आली तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, निकम, तुझ्या गणपतीनं त्याला पकडला बघ. मी तेव्हाच सांगायला हवं होतं की दिवस दोन होते. नाही सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढं पिठाच्या बाह्या होत्या. कुणीतरी ह्याची किंमत द्यायला हवी होती, आणि खरं सांगायचं तर ती मला द्यायची नव्हती.

कोर्टात पाच अंमलदार बसले होते, मधे एक पिकल्या केसांचा ब्रिगेडियर. आधी जनरलची नोकरी वाचून झाली. तेहेतीस वर्षं. पहिल्या लढाईत जखमी, मग पोलंड, फ्रान्स, रशियात पुन्हा जखमी, मुलगा रशियातच मेलेला, मग इटली. पदकांची नावं. दबीर माझ्या कानात सांगत होते. हास्लिंगर ताठ बसून होता, बिल्ले उतरवलेल्या कोटात. मला बघून त्यानं ओळख दाखवली नाही. पहिल्या रांगेत असुन्ता, मांडीवर हात.

मी शपथ घेतली. सरकारी वकील मेजर थॉर्न यांनी सरळ सरळ प्रश्न विचारले. हा माणूस कोठारात आला होता? आला होता. त्या दिवशी तुमचा उपास होता? होता. कुठला? संकष्टीचा. मेजरनं पुण्याची तार पुढं ठेवली. जनरलच्या वकिलानं माझा देव, माझं शिक्षण, माझं इंग्रजी असं काहीबाही विचारलं आणि तो खाली बसला. त्याला तरी काय ठाऊक, विचारायचं काय ते. ब्रिगेडियर म्हणाले, तुम्ही जाऊ शकता.

आणि मी तिथंच उभा राहिलो.

असुन्ता माझ्याकडं बघून मान हलवत होती. खिशात अक्रोड होते. मला शिदोजी आठवला, बटाटा हातात धरून थांबलेला. एवढी भूक लागलेली असताना, चुकलं म्हणणारा. दुसऱ्या दिवशी पोट खपाटीला गेलेलं असताना परत उपास धरणारा. त्याच्या संकष्टीवर खोटं बोलून मी माणूस फाशी चढवत होतो. आणि समोरचा माणूस, कसाही असला तरी, त्यानं मला दूध पाठवलं होतं.

मी म्हणालो, "साहेब, उपास दोन दिवस होता."

दबीरांनी ते इंग्रजीत सांगितलं नाही. माझ्याकडं तोंड करून हळू आवाजात, अगदी सहज बोलल्यासारखं मराठीत म्हणाले, "काय बोलतोयस?"

मी सगळं सांगितलं. पहिला दिवस चुकीचा होता. चंद्र लवकर आला. खरी संकष्टी दुसऱ्या दिवशी. जनरल आला तो आदल्या दिवशी, म्हणजे चारला.

"इथं मराठी फक्त तुला आणि मला येतं," दबीर म्हणाले. "तू पाणी मागितलंस असं मी सांगतो. ती बाई बघ समोर बसलीय."

"बघितली साहेब. तुम्ही सांगा."

"त्याला सोडतील, निकम."

"सांगा साहेब. माझ्या दादाचा उपास आहे तो."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, त्यात त्यांनी कसूर केली नाही. मेजर थॉर्ननं मला पुन्हा पुन्हा विचारलं, मी पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. चंद्र लवकर उगवला, म्हणून आम्हाला कळलं की दिवस चुकला. कुणी काही खोडून काढलं नाही. आमच्या पंचांगातल्या चंद्राचं ते काय विचारणार.

मी खाली उतरलो तेव्हा जनरल हास्लिंगर उभा राहिला. टाचा जुळवल्या आणि माझ्यापुढं वाकला. चांगला कमरेतून वाकला. साताऱ्याकडच्या एका नाईकापुढं जर्मन जनरल भर कोर्टात वाकला. ते मी गावाला किती वर्षं सांगत होतो.

व्हरांड्यात असुन्ता आली. मला वाटलं थुंकेल, किंवा मारेल. मी तयार होतो. तिनं हात पुढं केला. मला आधी कळेना. मग कळलं, आणि मी खिशातून अक्रोड काढून तिच्या हातावर ठेवले, एक, दोन, तीन. तिनं ते पदराला बांधल्यासारखे रुमालात बांधले आणि ते मोठे बूट वाजवत ती जिना उतरून गेली. आठवड्याभरात जनरल सुटला. पुढं तो आपल्या गावी बाग करून राहिला आणि म्हातारा होऊन मेला, असं दबीरांनी एका पत्रात कळवलं होतं.

मी संकष्टी सोडली नाही. एकवीस होऊन गेल्या, तरी धरत राहिलो. माझी सून शालन हायस्कुलात भूगोल शिकवते. एका संकष्टीला अंगणात चंद्राची वाट बघत बसलो होतो आणि मी शंभराव्यांदा जनरलच्या वाकण्याची गोष्ट सांगत होतो. ती मधेच म्हणाली, "मामंजी, तिथं चंद्र किती वाजता उगवला होता?"

मी म्हटलं, पहिल्या दिवशी आठाला, दुसऱ्या दिवशी पावणेनऊला. ती म्हणाली की तो मुलूख आपल्यापेक्षा फार उत्तरेला आहे. तिथं ह्या दिवसांत चंद्र पुनवेनंतर रोज आपल्याइतका उशीर करत नाही, लवकर येतो. तिला माझी गोष्ट आवडायची, म्हणून पोरीनं हौसेनं पुण्याच्या एका खगोलवाल्या ओळखीच्या माणसाला पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. तिनं ते मला वाचून दाखवलं. त्या डोंगरात चार ऑक्टोबरला चंद्र साडेसातच्या आत उगवला होता. पाचला आठ वाजता. सहाला पावणेनऊच्या सुमाराला.

"म्हणजे तुमचा पहिला दिवसच बरोबर होता, मामंजी," ती म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. गणित सुटल्याचा आनंद होता.

पहिला दिवस पाच तारीख. पाचला सकाळी अकरा वाजता हुकूम टाईप झाला, आणि दुपारी तो आमच्या कोठारात आला. माझ्या बाहीवरचं पीठ झटकलं त्यानं. पिठाचं त्याला ठाऊक होतं, अकरा माणसं उभी करून झाली होती किंवा व्हायची होती. आणि मग त्यानं आईच्या शुक्रवारची आठवण काढली आणि आम्हाला दूध पाठवलं. तो दुष्ट असता, दूध पाठवलं नसतं, तर मला इतकं जड गेलं नसतं.

शालनला मी काही बोललो नाही. बोलून काय करणार, असुन्ताचा पत्तासुद्धा माझ्याकडं नाही. पण त्या महिन्यापासून मी संकष्टी दोन दिवस धरतो. घरात हसतात, म्हाताऱ्याला पंचांग कळेनासं झालं म्हणतात. म्हणू देत. पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर चंद्र बघून जेवतो. दुसऱ्या दिवशी चंद्र उगवला तरी जेवत नाही.

आणि गावात आता कुणी ती वाकल्याची गोष्ट सांगा म्हटलं, की मी उठून आत जातो. शिदोजीनं चूक केली ती मनापासून, मी सांगितलं ते मनापासून. त्या कोर्टात मी, दबीर, मेजर, ब्रिगेडियर, कुणालाच खरी तारीख माहीत नव्हती. माझ्यापुढं वाकला त्याला तेवढी माहीत होती.